अजिंठ्याला जाताना



वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून द्या, असा आग्रह झाला. त्याच बैठकीत यंदाची सहल अजिंठ्याला न्यावी असेही ठरत होते. दशम्या कोणी करायच्या, बस किती वाजता सोडायची, याची चर्चा अगदी रंगात आली होती. तेव्हा मनात आले की, सामानाची यादी होतेच आहे. तिला इतिहासाची दोन पाने जोडून द्यावीत. कारण अजिंठ्याला जाऊन कसे वागावे, हे तिथल्या चित्रांवर आजवर जे गुदरले त्यावरूनच उत्तम कळते.

आधी माझीच एक चूक सांगते. पुष्कळ वर्षांपूर्वी तिथल्या एका लेण्यात मी भिंतीवरचे एक कमळ पाहत उभी होते. इतके टवटवीत, की नकळत हात पुढे गेला. पहारेकरी धावतच आला. म्हणाला, “बाई, एकट्या तुमचाच हात असता तर मी काही बोललो नसतो.” चार माणसांत हटकल्याचा मला तेव्हा राग आला. घरी आल्यावर त्या चित्रांची हकीगत मिळवून वाचली, तेव्हा राग गेला आणि लाज वाटली.

वाघूर नदीने घोड्याच्या नालासारखे वळण घेतले आहे, तिथल्या उभ्या कड्यात ही तीस लेणी आहेत. नववे आणि दहावे ही त्यांतली फार जुनी, इसवी सनापूर्वीची चैत्यगृहे. पुढे काही शतके काम थांबले आणि इसवी सनाच्या पाचव्या शतकात वाकाटक राजा हरिषेण याच्या काळात ते मोठ्या जोमाने पुन्हा सुरू झाले. त्याचा मंत्री वराहदेव याने सोळावे लेणे भिक्षूंसाठी करविले, असे तिथला शिलालेख सांगतो. आपण जी चित्रे पाहायला जातो ती बहुतेक या दुसऱ्या काळातली, म्हणजे सुमारे दीड हजार वर्षांपूर्वीची.

ही चित्रे दगडावर काढलेली आहेत असे पुष्कळांना वाटते. तसे नाही. कातळावर मातीचा गिलावा आहे. त्या मातीत भाताचे तूस, गवताचे तंतू असे कालवलेले आहे. त्यावर चुन्याचा पातळ हात दिला आणि तो वाळल्यावर चिकट द्रव्यात खललेले रंग भरले. खेड्यातली लिंपलेली भिंत जिने पाहिली आहे तिला सांगायला नकोच की, अशा भिंतीला ओल सोसत नाही, कीड लागते आणि सारखे हात लागले की पोपडे सुटतात. अजिंठ्याचे सारे वैभव अशा लिंपणावर टिकून आहे.

आता या लिंपणाचे काय काय झाले ते ऐका. २८ एप्रिल १८१९ रोजी जॉन स्मिथ नावाचा एक इंग्रज अधिकारी शिकारीच्या निमित्ताने या दरीत आला. आसपासच्या लोकांना लेणी ठाऊक होतीच. बाहेरच्या जगाला ती त्याच्यामुळे कळली. त्याने काय केले? दहाव्या लेण्यातल्या रंगविलेल्या खांबावर आपले नाव आणि तारीख कोरली. त्या वेळी लेण्यात दगडमातीचा ढीग साचला होता, त्यावर तो उभा होता. ढीग उपसला गेला. नाव मात्र आज आपल्या डोक्याच्या वर, खांबावर तसेच आहे. त्याच्यामागून येणाऱ्यांनीही नावे खरडली. काही हौशी पाहुण्यांनी तर चित्रांचे तुकडेच काढून नेले.

मग आले ते चित्रांवर खरे प्रेम करणारे. रॉबर्ट गिल याची १८४४ मध्ये नकला काढण्याच्या कामावर नेमणूक झाली. त्याने वर्षानुवर्षे इथे राहून मोठमोठ्या नकला केल्या. त्या लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये मांडल्या होत्या. १८६६ च्या आगीत जवळजवळ सगळ्या जळाल्या. पुढे मुंबईच्या कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स यांनी १८७२ ते १८८५ या काळात आपल्या विद्यार्थ्यांकडून पुन्हा नकला करविल्या. त्यांतल्याही शंभराहून अधिक लंडनच्या साउथ केन्सिंग्टन येथील संग्रहालयात १८८५ मध्ये आगीच्या भक्ष्यस्थानी पडल्या. तिसऱ्या खेपेस हे काम एका बाईने अंगावर घेतले. क्रिस्तियाना हेरिंगहॅम ही इंग्लंडात स्त्रियांच्या मताधिकाराच्या चळवळीत काम केलेली चित्रकर्ती. १९०९ ते १९११ या काळातल्या हिवाळ्यांत तिने इथे मुक्काम ठोकला. नंदलाल बोस आणि असितकुमार हालदार हे तेव्हाचे तरुण चित्रकार तिच्या मदतीला होते. त्यांच्या नकला १९१५ मध्ये पुस्तकरूपाने निघाल्या.

पण या प्रेमाचीही किंमत भिंतींनी मोजली. रंग उठून दिसावेत म्हणून नकलाकारांनी मूळ चित्रांवर रोगण फासले. १९२० ते १९२२ मध्ये निजाम सरकारने इटलीहून दोन जाणकार आणविले. त्यांनी सुटत आलेला गिलावा पक्का केला, हे उपकारच झाले. पण वापरलेले लाखेचे रोगण कालांतराने पिवळे, काळपट पडले. ते थर हलक्या हाताने उतरविण्याचे काम पुरातत्त्व खात्याला पुढे कित्येक वर्षे करावे लागले. यांपैकी कोणीच वाईट हेतूने आले नव्हते. ऊन-पाऊस, कीड, वटवाघळे यांनी नासधूस केलीच, पण आवडीने आलेल्या माणसांनीही थोडी केली नाही. आणि आपणही तिथे आवडीनेच जाणार आहोत!

म्हणून आता सहलीचे बोलू.

सोमवारी अजिंठा बंद असतो आणि मंगळवारी वेरूळ. एकाच फेरीत दोन्ही पाहायची असतील तर हे वार आधी ध्यानात घ्यावेत. छत्रपती संभाजीनगरहून, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादहून, अजिंठा सुमारे शंभर किलोमीटर आणि जळगावहून सुमारे साठ. आपली बस फर्दापूरच्या फाट्यावरच थांबेल. गाड्यांचा धूर लेण्यांपर्यंत जाऊ नये म्हणून पुढचे चार किलोमीटर तिथल्या बसनेच जायचे असते. दोन्ही ठिकाणे एकाच दिवसात उरकण्याचा मोह धरू नये. त्यात पाय दुखतात आणि डोळे भरत नाहीत.

सकाळी लवकर पोचावे. सुरुवातीलाच पायऱ्यांची चढण आहे. गुडघ्यांचे दुखणे असलेल्या भगिनींनी संकोच न करता डोली करावी. चित्रांच्या लेण्यांत जोडे बाहेर काढावे लागतात, तेव्हा चटकन निघणारी पादत्राणे घालावीत. पाणी जवळ असावे. शिदोरी मात्र खाली उतरल्यावरच सोडावी. लेण्यांच्या आवारात खरकटे सांडले की उंदीर, किडे आणि माकडे यांना आमंत्रणच.

चित्रांच्या लेण्यात एका वेळी थोडेच लोक सोडतात. आपण चाळीसजणी एकदम दाराशी लोटलो तर पहारेकऱ्याशी हुज्जत ठरलेली. दहा-दहाजणींचे गट करून वेगवेगळ्या लेण्यांपासून सुरुवात करावी. हा नियम ताटकळत ठेवण्यासाठी केलेला नाही. बंद दालनात माणसांच्या श्वासाने ओल आणि उष्मा वाढतो, तोच या लिंपणाचा वैरी.

आत उजेड मंद असतो. शिरताच “काहीच दिसत नाही” म्हणून परतू नये. पाच मिनिटे स्वस्थ उभे राहावे. डोळे सरावले की रंग हळूहळू वर येतात. प्रखर उजेडाने रंग विटतात, म्हणून छायाचित्र घेताना झगझगीत दिवा उडविण्यास मनाई आहे. भिंतीला पाठ टेकू नये, खांबाला पदर घासू नये. मूर्तीपुढे हळदकुंकू, पैसे, कापूर काहीही ठेवू नये. हात जोडले की पुरे. मुलांना आधीच जवळ घेऊन सांगावे, दम तिथे देऊ नये, कारण आवाज फार घुमतो.

सगळी तीस लेणी पाहण्याचा हट्टही नको. पहिल्या लेण्यात गाभाऱ्याकडे तोंड केले की डाव्या हाताला पद्मपाणी आणि उजव्या हाताला वज्रपाणी आहे. दुसऱ्या लेण्यात मुलांना राखणारी हारीती देवी आहे. तिच्या पायाशी पंतोजी, शिकणारी मुले आणि एडक्यांची झुंज कोरली आहे, ती चुकवू नका. सतराव्यात, भिक्षापात्र घेऊन दारी आलेल्या बुद्धासमोर यशोधरा आणि लहानगा राहुल उभे आहेत. त्याच लेण्यात सर्वस्व दान करणाऱ्या, पोटची मुलेही देऊन टाकणाऱ्या विश्वंतराची कथा आहे. आईला काय वाटले असेल, असे आपल्यापैकी कोणीतरी विचारीलच, अवश्य विचारावे. शेवटी सव्विसाव्यात बुद्धाच्या महापरिनिर्वाणाचे भव्य शिल्प आहे. तिथे थोडे बसून परतावे. सहलीच्या आधीच्या बैठकीत या दोन-तीन कथा कोणीतरी वाचून दाखविल्या, तर भिंतीवरची माणसे ओळखीची वाटतील.

पूर्वीच्या नकला दोनदा जळाल्या, पण मूळ भिंत होती म्हणून पुन्हा काढता आल्या. मूळ चित्र गेले तर ते कोणत्या भिंतीवरून उतरवायचे? १९८३ साली अजिंठ्याची जागतिक वारशात नोंद झाली, त्याचा आपणांस अभिमान आहेच. पण राखण काही नोंदवहीने होत नाही. ती दिवसभरात येणाऱ्या प्रत्येक माणसाने आपल्या हातापुरती करायची असते. त्या पहारेकऱ्याला एवढेच म्हणायचे होते, हे मला उशिरा कळले. तुम्हांला ते बसमध्ये चढण्यापूर्वीच कळावे म्हणून हा लेखनप्रपंच.