कोसळणाऱ्या संगणकाचे निदान : प्रस्तावना

विंडोजचा संगणक काम करता करता निळा पडला, की दुकानात बहुधा एकच उत्तर मिळते : ‘फॉरमॅट मारून देतो.’ कधी कधी तेवढ्याने भागतेही. पण कोसळताना संगणकाने मागे ठेवलेले सगळे पुरावे त्यात पुसले जातात आणि दोष रॅममध्ये किंवा एसएमपीएसमध्ये, म्हणजे वीज पुरवणाऱ्या भागात, असेल तर तो होता तिथेच राहतो. ते पुरावे वाचण्याची विद्या हा या पुस्तकाचा विषय. दुकानात काम शिकणारा मुलगा असो, की शाळेच्या संगणककक्षाची जबाबदारी अंगावर पडलेली शिक्षिका, या विद्येकडे वळणाऱ्या प्रत्येकाचे इथे मनापासून स्वागत आहे. इंजिनिअरिंगची पदवी लागत नाही. चिकाटी मात्र लागते.

निळ्या पडद्याविषयीची भीती आधी दूर करू. आजच्या विंडोजचे मूळ असलेली, डेव्ह कटलर यांच्या नेतृत्वाखाली घडलेली विंडोज एनटी १९९३ साली बाजारात आली. तिच्या रचनेत सर्वसाधारण प्रोग्रॅम आणि व्यवस्थेचा गाभा, म्हणजे कर्नेल, यांच्यामध्ये भिंत घातलेली आहे. ब्राउझर बिघडला तर तो एकटाच बंद पडतो. हार्डवेअर चालवणारे बरेचसे ड्रायव्हर मात्र भिंतीच्या आतल्या बाजूला चालतात. तिथे एखाद्याने मेमरीत नको त्या जागी लिहिले, तर पुढच्या कोणत्याच कामाची खात्री उरत नाही. अशा वेळी विंडोज स्वतःहून थांबते, कारण तसेच रेटत राहिले तर डिस्कवरच्या फायलीही नासू शकतात. म्हणजे ते थांबणे हे संरक्षणच आहे. विंडोज ११मध्ये अलीकडे हा पडदा काळा झाला; अर्थ तोच राहिला.

१९ जुलै २०२४ रोजी विंडोजचे असे थांबणे साऱ्या जगाने पाहिले. क्राउडस्ट्राइक या कंपनीच्या, भिंतीच्या आत चालणाऱ्या सुरक्षा-सॉफ्टवेअरची एक सदोष फाइल अपडेटमधून गेली आणि, मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार, सुमारे ८५ लाख संगणक कोसळले. भारतातल्या काही विमानतळांवर बोर्डिंग पास हाताने लिहून द्यावे लागले. त्या संगणकांवरची विंडोज धडधाकट होती. सेफ मोडमध्ये जाऊन तेवढी एक फाइल काढली, की संगणक पूर्ववत सुरू होत असे. कारण नेमके कळले की उपाय इतका छोटा होतो!

पण कारण नेहमी असे समोर येत नाही. मला सर्वाधिक शिकवणारे वाटते ते इंटेलच्या तेराव्या आणि चौदाव्या पिढीच्या डेस्कटॉप प्रोसेसरांचे प्रकरण. गेम सुरू होताना बंद पडायचा आणि संदेश यायचा, की ग्राफिक्स कार्डाची मेमरी अपुरी आहे. कार्डावर मेमरी भरपूर असायची. साहजिकच लोक ग्राफिक्सच्या ड्रायव्हरमागे लागले. दोष प्रोसेसरमध्ये होता. दाबून ठेवलेला डेटा उलगडताना किंवा शेडर तयार करताना तो चुकीची उत्तरे देत होता आणि त्या चुकीच्या उत्तरांवर चालणारा प्रोग्रॅम भलतीच तक्रार करत होता. जादा व्होल्टेजमुळे प्रोसेसरमधल्या एका सर्किटची झीज होते, असे इंटेलने २०२४ मध्ये सांगितले, मायक्रोकोडची दुरुस्ती दिली आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. आधीच झिजलेला प्रोसेसर मात्र त्या दुरुस्तीने बरा होणार नव्हता. तो बदलावाच लागला. तक्रार एकीकडे आणि दुखणे दुसरीकडे, हे या क्षेत्रात इतके नित्याचे आहे, की पडद्यावरचा संदेश हा निष्कर्ष न मानता साक्ष मानायचा, हीच या पुस्तकाची भूमिका आहे.

साक्षी तपासायची काही साधने विंडोजमध्येच आहेत, काही फुकट उतरवून घेता येतात. कोसळण्याच्या क्षणाची मेमरीतली मोजकी माहिती मिनिडंप नावाच्या छोट्या फायलीत उतरते आणि विनडीबीजी हा मायक्रोसॉफ्टचा डीबगर ती वाचून देतो. इव्हेंट व्ह्यूअर या विंडोजच्या नोंदवहीतली ‘कर्नेल-पॉवर ४१’ ही नोंद पाहून अनेकजण थेट एसएमपीएस बदलतात. मागच्या खेपेला संगणक रीतसर बंद झाला नव्हता, एवढेच ती नोंद सांगते. वीज गेली असेल, उष्णतेने बंद पडला असेल, किंवा हँग झाल्यावर कोणी बटण दाबून ठेवले असेल. मिनिडंपमध्ये दर वेळी वेगळ्याच ड्रायव्हरचे नाव येत असेल तर मी आधी रॅमवर संशय घेतो : बायोसमध्ये वाढवलेला रॅमचा वेग मूळ पदावर आणायचा, मेमटेस्ट रात्रभर चालवायची, मग एकेक पट्टी काढून पाहायची. एका वेळी एकच बदल. दोन गोष्टी एकदम बदलल्या आणि संगणक सुधारला, तर तो कशाने सुधारला हे कधीच कळत नाही, आणि दोष परत आला की तपास पहिल्यापासून सुरू करावा लागतो.

मार्क रुसिनोविच आणि ब्राइस कॉग्सवेल यांनी १९९६ मध्ये सुरू केलेल्या सिसइंटर्नल्सच्या विंडोज तपासण्याच्या साधनांना पुढे स्वतंत्र प्रकरण दिले आहे. तिथे पोहोचण्याआधी वाचकाने दोन कामे उरकावीत. आपल्या फायलींची प्रत दुसऱ्या डिस्कवर घ्यावी. आणि सिस्टिमच्या प्रगत सेटिंगमध्ये जाऊन कोसळल्यावर आपोआप रिस्टार्ट होण्याची सोय बंद करावी, म्हणजे पुढच्या वेळी पडद्यावरचे कारणाचे नाव सावकाश उतरवून घेता येईल.