स्त्रियांमधील मूत्रमार्गाचा संसर्ग : कारणे आणि प्रतिबंध

चेन्नई : दुकानांत दिवसभर उभ्याने काम करणाऱ्यांसाठी बसण्याची सोय सक्तीची करणारी कायदादुरुस्ती तामिळनाडू विधानसभेने सप्टेंबर २०२१ मध्ये संमत केली. स्त्री कर्मचाऱ्यांसाठी आसनाइतकीच निकड स्वच्छतागृहाची असते. ते जवळ नसले की पाणी कमी प्यायले जाते, लघवी रोखून धरली जाते आणि मूत्रमार्गाच्या संसर्गाला वाव मिळतो.

स्त्रियांचा मूत्रमार्ग जेमतेम ४ सेंटिमीटर लांब असून त्याचे मुख गुदद्वाराजवळ असते. त्यामुळे आतड्यातील जंतू, मुख्यतः ई. कोलाय, मूत्राशयात सहज शिरतात. सुमारे निम्म्या स्त्रियांना आयुष्यात एकदा तरी हा संसर्ग होतो. शरीरसंबंध, मधुमेह आणि रजोनिवृत्ती यांमुळे धोका वाढतो.

लघवी करताना जळजळ, वारंवार लघवीला लागणे आणि ओटीपोटात दुखणे ही प्रमुख लक्षणे होत. थंडी वाजून ताप, उलट्या किंवा कुशीत वेदना असल्यास संसर्ग मूत्रपिंडापर्यंत पोहोचलेला असू शकतो. अशा वेळी तातडीने उपचार घ्यावेत. गर्भवतींनी सौम्य लक्षणेही अंगावर काढू नयेत.

वारंवार संसर्ग होणाऱ्या, परंतु कमी पाणी पिणाऱ्या १४० स्त्रियांच्या, २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात रोज दीड लिटर जादा पाणी पिणाऱ्या गटात संसर्गाचे प्रमाण जवळपास निम्म्यावर आले. लघवी न रोखणे, शरीरसंबंधानंतर लघवी करणे आणि शौचानंतर पुढून मागे स्वच्छता करणे हितावह ठरते. उरलेली प्रतिजैविके परस्पर घेऊ नयेत. त्यामुळे जंतू औषधांना दाद देईनासे होतात.

मात्र पाणी पिण्याचा सल्ला अमलात येण्यासाठी कामाच्या ठिकाणी स्वच्छतागृह आणि तेथे जाण्याची मुभा, दोन्ही हवीत.