शानबाग, अरुणा रामचंद्र

(१ जून १९४८–१८ मे २०१५). मुंबईतील परळच्या केईएम रुग्णालयातील परिचारिका. मेंदूला झालेल्या इजेमुळे ४१ वर्षांहून अधिक काळ त्या याच रुग्णालयात अंथरुणाला खिळून होत्या. दयामरणाविषयीच्या भारतीय कायद्याला त्यांच्या प्रकरणातून दिशा मिळाली. मूळ गाव उत्तर कन्नड जिल्ह्यातील हळदीपूर.

२७ नोव्हेंबर १९७३ रोजी संध्याकाळी रुग्णालयातीलच एका सफाई कामगाराने कुत्र्याच्या साखळीने त्यांचा गळा आवळून लैंगिक अत्याचार केला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या बेशुद्धावस्थेत सापडल्या. तेव्हा त्या २५ वर्षांच्या होत्या आणि त्यांचे लग्न ठरलेले होते. हल्लेखोराला खुनाचा प्रयत्न व जबरी चोरी यांबद्दल सात वर्षांची शिक्षा झाली. बलात्काराचा आरोप ठेवलाच गेला नाही. हा त्यांच्यावरचा दुसरा अन्याय होय.

गळा आवळल्याने मेंदूचा प्राणवायूचा पुरवठा तुटला. विचार, भाषा व आठवणी ज्यावर अवलंबून असतात ते मेंदूचे बाह्यक अशा वेळी काही मिनिटांतच निकामी होऊ लागते. श्वास आणि झोप-जाग सांभाळणारा मस्तिष्कस्तंभ त्यामानाने तग धरतो. त्यामुळे अरुणा श्वास घेत, झोपत, जाग्या होत. पण बोलणे गेले, पाहिलेले उमगेनासे झाले. आपण कोण, हे त्यांना कळत होते का, याचे उत्तर त्या देऊ शकत नव्हत्या. पुढचा सारा वाद त्यातूनच उभा राहिला.

पत्रकार पिंकी विराणी यांनी १९९८ मध्ये त्यांच्यावर पुस्तक लिहिले आणि पुढे त्यांचे अन्न थांबवून शांत मरण येऊ द्यावे, अशी याचिका सर्वोच्च न्यायालयात केली. केईएमच्या परिचारिकांनी या याचिकेला ठाम विरोध केला. अरुणाला मासे आवडतात, खोलीत गर्दी झाली की ती अस्वस्थ होते, हळुवार हात फिरवला की शांत होते, असे त्यांचे सांगणे होते. ज्या परिचारिकांनी तिला धडधाकट कधी पाहिलेही नव्हते, त्याही पिढ्यान्‌पिढ्या तिला न्हाऊ-माखू घालत राहिल्या. इतक्या वर्षांत अंगावर एकही शय्याव्रण नाही, याची न्यायालयानेही प्रशंसा केली. 

७ मार्च २०११ रोजी न्या. मार्कंडेय काटजू व न्या. ज्ञानसुधा मिश्रा यांनी याचिका फेटाळली. अरुणाच्या वतीने बोलण्याचा अधिकार विराणींचा नसून रुग्णालयातील कर्मचाऱ्यांचा आहे, असे न्यायालयाने ठरवले. त्याच निकालाने उच्च न्यायालयाच्या परवानगीने जीवरक्षक उपचार थांबवण्यास, म्हणजे निष्क्रिय दयामरणास, मान्यता दिली. पुढे २०१५ मध्ये न्युमोनियाने अरुणांचे केईएममध्येच निधन झाले.

९ मार्च २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने सन्मानाने मरण्याचा हक्क मान्य केला आणि शुद्धीत असतानाच उपचारांविषयीची आपली इच्छा लिहून ठेवण्याची मुभा दिली. जानेवारी २०२३ पासून ही प्रक्रिया सोपी झाली असून, दोन साक्षीदारांसमक्ष सही करून असे इच्छापत्र नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून साक्षांकित करता येते.