ह्युएनत्संग की युआन श्वांग : एका वर्ज्य अक्षराचा इतिहास

मराठी इतिहासग्रंथांतून सातव्या शतकातील एक चिनी भिक्षू दोन नावांनी वावरतो. कुठे तो ह्युएनत्संग असतो, तर कुठे युआन श्वांग. दोन्ही नावे एकाच माणसाची कशी, असे वर्गात कुणी विचारले की चिनी उच्चार आपल्या लिपीत नीट उतरत नाहीत, असे उत्तर बहुधा मिळते. नावाच्या उत्तरार्धापुरते ते चालेलही, कारण त्या अक्षराला चिनीतच दोन उच्चार आहेत. पण 'ह्युएन'चे 'युआन' होणे हा उच्चाराचा प्रश्न नव्हे. तिथे अक्षरच बदललेले आहे आणि ते एका सम्राटाच्या धाकाने बदललेले आहे.

मूळ अक्षराचा आजचा प्रमाण उच्चार साधारण 'श्युआन' असा होतो. इ.स. १०० च्या सुमारास शू शेन याने सिद्ध केलेल्या कोशात त्याचे दोन अर्थ येतात : दूरचे, अस्पष्ट, आणि तांबूस झाक असलेला काळा रंग. खोल पाण्याचा किंवा उत्तररात्रीच्या आकाशाचा काळेपणा डोळ्यांसमोर आणला, की रंगाकडून गहनतेकडे हा अर्थ कसा सरकला असेल ते ध्यानात येते. 'ताओ ते चिंग'च्या पहिल्याच प्रकरणात हे अक्षर नामरूपापलीकडच्या तत्त्वासाठी आले आहे, आणि तिसऱ्या शतकातील तत्त्वचर्चेची एक संपूर्ण परंपरा त्याच्याच नावाने ओळखली जाते. मराठीत त्याला 'गूढ' म्हणावे तर रंगाची आठवण पुसली जाते. आमच्या मते 'कृष्ण' किंवा 'श्याम' हे शब्द त्याला अधिक जवळचे. तेही रंगाशी थांबलेले नाहीत.

असे अक्षर व्यक्तिनामात यावे यात नवल नाही. दुसऱ्या शतकातील थोर भाष्यकार चंग श्युआन याच्या नावात ते आहे. आपला भिक्षू जन्मनावाने चेन यी. त्याच्या भिक्षुनामातही तेच आले. दुसऱ्या अक्षराचा अर्थ थोर, भरदार असा आहे.

चीनमध्ये सम्राटाचे व्यक्तिनाम प्रजेने लिहू नये, असा दंडक होता. नवऱ्याचे नाव न घेणाऱ्या आणि घ्यावेच लागले तर उखाण्यात गुंफणाऱ्या स्त्रिया आपल्या परिचयाच्या आहेत. पण तिथे हा संकोच राजाज्ञा झाला होता. १६६१ साली गादीवर आलेल्या कांग्शी सम्राटाचे नाव होते श्युआन्ये. झाले! 'श्युआन' वर्ज्य ठरले. ते लिहायचेच तर शेवटची रेघ गाळायची, नाहीतर त्याच्या जागी 'आद्य' अर्थाचे 'युआन' योजायचे. पेकिंगच्या राजवाड्याच्या उत्तर दरवाजाचे नाव बदलले. छापील पुस्तकांतून चंग श्युआनचा चंग युआन झाला. मृत्यूनंतर सुमारे पंधरा शतकांनी! हा केवळ शिष्टाचार नव्हता. १७७७ साली वांग शीहौ या कोशकाराला प्राणदंड झाला. सम्राटांची नावे आपल्या कोशात जशीच्या तशी छापणे हा त्याच्यावरील मुख्य आरोपांपैकी एक होता.

भिक्षूचे नावही यातून सुटले नाही. स्तानिस्लास ज्युलिएँ याने १८५० च्या दशकात त्याचे चरित्र आणि प्रवासवृत्त फ्रेंचमध्ये आणले. त्याने मूळ अक्षराचा उच्चार धरला. सॅम्युएल बील याच्या १८८४ मधील इंग्रजी भाषांतरातही तोच आहे. ह्युएनत्संग हे रूप या घराण्यातले. थॉमस वॉटर्स हा मात्र चीनमध्ये ब्रिटिश वकिलातीच्या सेवेत आयुष्य काढलेला. त्याच्या मृत्यूनंतर १९०४-०५ मध्ये निघालेल्या ग्रंथाच्या शीर्षकातच 'युआन च्वांग' आहे, म्हणजे बदली अक्षराचा उच्चार. आपला युआन श्वांग याच वळणाचा.

१९१२ साली छिंग राजवट संपली, तिच्याबरोबर हे बंधनही गेले, आणि चीनमध्ये भिक्षूचे मूळ अक्षर आज उघडपणे लिहिले जाते. दुसऱ्या पुलकेशीच्या महाराष्ट्राचे वर्णन करणाऱ्या या प्रवाशाला आपण मात्र अजूनही कांग्शीच्या भयाने मिळालेल्या नावाने ओळखतो. काटेकोर लिहायचे तर 'श्युआनत्सांग' लिहावे. ते जड वाटत असेल तर ह्युएनत्संग बरे. जुनाट दिसले तरी त्यात त्याचे स्वतःचे अक्षर शाबूत आहे.