खांद्यावरची शिकार आणि पाठीवरचा फुगा

एका घरातल्या दुःखातून निघालेले यंत्र पुढे मौजेचे साधन होते. त्या मौजेतून पुन्हा दुसऱ्या कुणाच्या घरात दुःख येते आणि ते टाळण्यासाठी पाठीवर एक सॅक बांधावी लागते. स्नोमोबाईलचा, म्हणजे बर्फावरून धावणाऱ्या स्कूटरचा इतिहास थोडक्यात सांगायचा तर एवढाच आहे.

कॅनडातल्या क्वेबेक प्रांतात व्हॅलकोर्ट नावाचे गाव आहे. तिथे जोसेफ आर्मां बॉम्बार्डियर हा तरुण मेकॅनिक गॅरेज चालवत असे. १९३४ च्या हिवाळ्यात त्याचा दोन वर्षांचा मुलगा इव्हॉन पोटाच्या दुखण्याने आजारी पडला. आतड्याचा दाह पोटभर पसरला होता आणि इस्पितळ दूर होते. त्या काळी हिवाळ्यात रस्त्यांवरचा बर्फ काढत नसत. मोटार चालणे शक्य नव्हते. मूल गेले.

बर्फावर चालणारी गाडी बनवण्याचा नाद त्याला लहानपणापासून होता. या घटनेनंतर तो जिद्दीला पेटला. १९३७ साली त्याला रबरी पट्ट्यावर चालणाऱ्या गाडीचे पेटंट मिळाले. सात माणसे बसतील अशा त्याच्या गाड्या डॉक्टरांनी घेतल्या, टपालासाठी वापरल्या गेल्या, मुलांना शाळेत नेऊ लागल्या. पुढे १९४८ मध्ये सरकारने हिवाळ्यातही रस्ते मोकळे ठेवायचे ठरवले आणि या मोठ्या गाड्यांची गरज ओसरली. मग १९५९ मध्ये त्याने एक-दोघांनी बसायची हलकी 'स्की-डू' आणली. दिल्ली मेट्रोचे डबे पुढे ज्या कंपनीने बनवले तिचे मूळ या गॅरेजात आहे. बॉम्बार्डियर १९६४ साली वारला. आपल्या यंत्रावर बसून लोक हौसेने डोंगराच्या उभ्या उतारावर चढतील, हे त्याने कितपत पाहिले असेल?

आज डोंगरासाठीच्या स्नोमोबाईल दीडशे अश्वशक्तीच्या पुढे गेल्या आहेत. उतारावर जमेल तितके उंच चढायचे आणि वळून खाली यायचे, हा त्यातला आवडता खेळ. पण साधारण तीस ते पंचेचाळीस अंशांचा उतार, जो या खेळाला हवा, तोच हिमस्खलनालाही मानवतो. २८ डिसेंबर २००८ रोजी ब्रिटिश कोलंबियात फर्नीजवळ अकरा जण स्नोमोबाईल घेऊन गेले होते. सात जण बर्फाखाली गेले. उरलेले चौघे त्यांना खणून काढायला धावले, तर दुसरा लोट आला. अकरापैकी आठ जण गेले. मार्च २०१० मध्ये त्याच प्रांतात रेव्हलस्टोकजवळच्या बोल्डर माउंटनवर पुन्हा मोठी दुर्घटना झाली.

माझा एक पुतण्या कॅलगरीला असतो. सहकाऱ्यांबरोबर तोही आता रेव्हलस्टोकला जातो. "काका, नुसत्या एका सॅकला एवढे पैसे घालावेत का?" असे त्याने फोनवर विचारले, तेव्हापासून मी या विषयाचे वाचन करतो आहे. आयुष्यभर मुलांना इतिहास शिकवला, त्यामुळे कुठल्याही वस्तूच्या किमतीआधी तिचे मूळ शोधायची खोड लागली आहे.

या सॅकचे मूळ बव्हेरियातल्या जंगलात सापडते. १९७० च्या दशकात योसेफ होहेनेस्टर नावाचा वनाधिकारी हिमस्खलनात सापडला. त्याच्या खांद्यावर मारलेली शिकार होती आणि तो बर्फाच्या वरच राहिला. एवढे ओझे असून माणूस वर कसा? त्याच्या लक्षात आले की ओझ्याने त्याचा आकार मोठा झाला होता. चिवड्याचा डबा हलवला की बारीक चुरा तळाशी जातो आणि मोठे पोहे वर येतात. वाहत्या बर्फातही तसेच होते. लहान कण खाली सरकतात, मोठी वस्तू वर येते. पेटर आशाउअर या जर्मन उद्योजकाने १९८० मध्ये या कल्पनेचे हक्क घेतले आणि १९८५ मध्ये म्युनिकच्या प्रदर्शनात हवेचा फुगा असलेली सॅक मांडली. दोरीची मूठ ओढली की फुगा काही सेकंदांत भरतो. आजच्या बहुतेक फुग्यांत दीडशे लिटरच्या आसपास हवा मावते. काहींत दाबलेल्या वायूची नळी असते, तर २०१४ पासून बॅटरीच्या पंख्याने फुगणारेही मिळतात. पंख्याचा फायदा असा की सराव म्हणून तो पुन्हा पुन्हा फुगवून पाहता येतो.

हा सराव का महत्त्वाचा, ते २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसते. गंभीर हिमस्खलनात सापडलेल्या, पण फुगा न फुगलेल्या शंभरांत बावीस जण दगावतात, फुगलेल्यांत अकरा. म्हणजे मृत्यू निम्म्यावर येतात, शून्यावर नाही. शिवाय दर पाचांत एकाचा फुगा फुगतच नाही, आणि त्यातल्या निम्म्याहून अधिक वेळा कारण एकच, माणसाच्या हातून मूठ ओढली जात नाही. म्हणून स्नोमोबाईलवाल्याने मूठ डाव्या खांद्यावर येईल अशी सॅक पाहावी. उजवा अंगठा ॲक्सिलरेटरवर असतो, तो सोडावा लागू नये. जांघेतून जाणारा पट्टा न चुकता बांधावा, नाहीतर फुगा वर राहील आणि माणूस सॅकमधून निसटेल. फुगा झाडावर किंवा खडकावर आपटण्यापासून वाचवत नाही, हेही ध्यानात ठेवावे. पश्चिम कॅनडात १९८४ ते २००५ या काळात हिमस्खलनात गेलेल्यांपैकी सुमारे चौथा हिस्सा आघातानेच गेला.

आता सॅकच्या आत काय? धातूचे फावडे आणि बर्फात खुपसून माणूस शोधायची घडीची लांब काठी. संदेश देणारे शोधयंत्र अंगावरच बांधायचे. यातले काहीही स्नोमोबाईलच्या पेटीत ठेवायचे नाही, कारण बर्फाचा लोट आला की गाडी एकीकडे आणि माणूस दुसरीकडे. वेळ फार थोडा असतो. स्वित्झर्लंडमधल्या नोंदींवरून १९९४ मध्ये काढलेले गणित असे की पूर्ण गाडलेल्यांपैकी पंधरा मिनिटांच्या टप्प्यावर ब्याण्णव टक्के जगण्याची शक्यता असते, पस्तीस मिनिटांवर ती तीस टक्क्यांवर येते. २०२४ मध्ये नव्या नोंदी तपासल्या, तेव्हा पंधराची मुदत दहा मिनिटांवर आली. गावातून मदत येईपर्यंत हा वेळ संपलेला असतो. वाचवू शकतो तो फक्त शेजारचा सोबती.

मला या साऱ्यात सर्वांत विचार करायला लावणारी गोष्ट ही वाटते. फुगा आपल्यासाठी असतो, पण आपल्या सॅकमधले फावडे आपल्या उपयोगाचे नसतेच. ते दुसऱ्यासाठी पाठीवर वाहायचे. आपला जीव सोबत्याच्या सॅकमध्ये असतो आणि त्याचा आपल्या. महाग सॅक घेऊन एकट्याने धोक्याच्या उतारावर चढणारा माणूस निम्मीच सुरक्षा विकत घेतो. फुगा आहे म्हणून जास्त उंच चढू लागला, तर तीही गमावतो.

पुतण्याला मी कळवले की सॅक जरूर घे, पैशांकडे पाहू नकोस. पण आधी बरोबरच्या मित्रांच्या सॅका उघडून बघ. त्यांत फावडे नसेल, किंवा असून त्यांना ते चालवता येत नसेल, तर त्या दिवशी डोंगर खालूनच पाहावा. खालूनही तो तेवढाच सुंदर दिसतो.