स्पाइक गार्ड लावला, तरी मोटरहोममधला फ्रिज का जळतो?

समुद्रकिनारी उभी असलेली कॅम्परव्हॅन, आत छोटा फ्रिज, लॅपटॉप, छतावर सोलर पॅनल. असे रील्स तुम्हीही पाहिले असतील. महाराष्ट्र सरकारनं २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं आणि अशा गाड्या आता भाड्यानंही मिळतात.

रीलमध्ये एक गोष्ट मात्र दिसत नाही. रात्री ही गाडी वीज कुठून घेते? कधी होम-स्टेच्या अंगणातल्या बोर्डावरून, कधी ढाब्याच्या जनरेटरवरून. ते वायरिंग कसं आहे, हे आपल्याला माहीत नसतं. म्हणून बरेच जण एक स्पाइक गार्ड लावतात आणि निश्चिंत होतात. तो पुरेसा आहे का?

स्पाइक म्हणजे नेमकं काय?

आपल्याकडे घरगुती वीज २३० व्होल्टची असते. जवळपास वीज पडली किंवा त्याच लाइनवरची मोठी मोटर बंद झाली, की व्होल्टेज क्षणभर शेकडो, कधी हजारो व्होल्टनं उसळतं. हा झटका सेकंदाच्या लाखाव्या-दहा लाखाव्या भागात मोजावा इतका छोटा असतो. याला स्पाइक म्हणतात.

स्पाइक गार्डमध्ये 'एमओव्ही' नावाचा छोटा भाग असतो. व्होल्टेज ठरावीक मर्यादेपलीकडे गेलं की तो जादाचा झटका स्वतःवर घेतो. प्रत्येक मोठ्या झटक्यात तो थोडा झिजतो. काही स्पाइक गार्डवर 'प्रोटेक्टेड' असा दिवा असतो. तो विझला असेल, तर तुमच्या हातात फक्त एक्स्टेंशन बोर्ड उरलेला आहे.

मग फ्रिज कशामुळे जळतो?

बऱ्याचदा कारण असतं न्यूट्रल तुटण्याचं. वायरमन ज्याला 'न्यूट्रल गेला' म्हणतात, तेच.

थ्री-फेज जोडणीत प्रत्येक फेज आणि न्यूट्रलमध्ये २३० व्होल्ट असतात, पण दोन फेजमध्ये सुमारे ४०० व्होल्ट. न्यूट्रलची तार सैल झाली किंवा तुटली, की वेगवेगळ्या फेजवरची उपकरणं हे ४०० व्होल्ट आपसात वाटून घेतात. ही वाटणी समान नसते. समजा, होम-स्टेचा गिझर एका फेजवर आहे आणि तुमच्या गाडीचा फ्रिज व चार्जर दुसऱ्या फेजवर. ज्या फेजवर लोड कमी, तिथं व्होल्टेज जास्त. म्हणजे फटका तुम्हाला. तुमच्याकडे ३०० व्होल्टच्याही वर जाऊ शकतं आणि कोणी मेन स्विच बंद करेपर्यंत तसंच राहतं.

क्षणभराच्या झटक्यासाठी बनवलेला एमओव्ही अशा वेळी तापतो आणि जळतो. लाकूड आणि फोमनं भरलेल्या गाडीत ही आगीचीही भीती आहे.

अमेरिकेतल्या मोटरहोमवाल्यांनाही हा धोका आहे. तिथल्या ५० अँपिअरच्या जोडणीत १२० व्होल्टच्या दोन लाइन आणि एक न्यूट्रल असतो. न्यूट्रल तुटला तर १२० व्होल्टच्या उपकरणावर २४० पर्यंत व्होल्टेज येऊ शकतं. म्हणून तिथे अनेक जण नुसता सर्ज प्रोटेक्टर न लावता, व्होल्टेज बिघडताच वीज तोडणारं उपकरण लावतात.

आपल्याकडे काय लावायचं?

इलेक्ट्रिकच्या दुकानात 'ओव्हर-अंडर व्होल्टेज प्रोटेक्टर' मागा. व्होल्टेज ठरवलेल्या मर्यादेबाहेर गेलं की तो वीज तोडतो आणि सुरळीत झाल्यावर थोडा वेळ थांबून पुन्हा जोडतो. या थांबण्यामुळे फ्रिज आणि एसीचा कॉम्प्रेसरही वाचतो. स्टॅबिलायझर घेणार असाल, तर त्यात 'हाय व्होल्टेज कट-ऑफ' आहे का, ते आधी बघा. स्पाइक गार्ड हवाच, पण या प्रोटेक्टरच्या जोडीला.

१२ व्होल्टच्या बाजूला धोका नाही?

आहे, आणि तो गाडीतच तयार होतो. इंजिन चालू असताना अल्टरनेटर बॅटरी चार्ज करतो. त्याच वेळी बॅटरीची जोडणी तुटली, तर अल्टरनेटर लगेच थांबू शकत नाही. १२ व्होल्टच्या लाइनवर ८० ते १०० व्होल्टपर्यंतचा झटका येऊ शकतो. याला 'लोड डंप' म्हणतात.

'अल्टरनेटर चालतोय का बघू' म्हणून चालू इंजिनवर बॅटरीचा टर्मिनल काढायची पद्धत काही गॅरेजमध्ये अजून आहे. ते करू देऊ नका. मीटर लावूनही तेवढंच कळतं.

लिथियम बॅटरी असेल तर आणखी एक काळजी. तिच्यातली सुरक्षा यंत्रणा, म्हणजे बीएमएस, बॅटरीला अचानक तोडू शकते. त्यामुळे ती थेट अल्टरनेटरला न जोडता 'डीसी-टू-डीसी चार्जर'मधून जोडतात.

प्लग लावण्याआधी हे करा

• गाडीचा मेन स्विच बंद ठेवा. बोर्डावर मल्टिमीटरनं फेज-न्यूट्रल व्होल्टेज मोजा. साधारण २१० ते २५० च्या बाहेर असेल, तर प्लग लावू नका.
• फेज आणि अर्थिंगमध्येही मोजा. तिथे जवळपास तेवढंच व्होल्टेज दिसलं नाही, तर अर्थिंगमध्ये गडबड आहे. अशा वेळी गाडीच्या पत्र्यालाच शॉक बसू शकतो.
• गाडीत ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी असू द्या. तो माणसाला वाचवतो, फ्रिजला नाही. दोन्हींची गरज आहे.
• जनरेटर असेल तर आधी तो सुरू करा, स्थिर होऊ द्या, मग लोड टाका. बंद करताना आधी लोड काढा.
• सोलर जोडताना आधी बॅटरी, मग पॅनल. काढताना आधी पॅनल.
• विजा चमकायला लागण्याआधीच प्लग काढून ठेवा. थेट पडणाऱ्या विजेपुढे कोणताच गार्ड टिकत नाही.

गाडी भाड्यानं घेत असाल, तर ताब्यात घेताना मालकाला एकच प्रश्न विचारा : 'व्होल्टेज वाढलं तर वीज तोडणारं काय बसवलंय?' उत्तर फक्त 'स्पाइक गार्ड आहे' असं आलं, तर रात्री अनोळखी बोर्डावर प्लग लावताना वरची यादी आठवा.