मिकीज ख्रिसमस कॅरोल
वॉल्ट डिझ्नी निर्मितीसंस्थेचा सुमारे २६ मिनिटांचा नाताळविषयक ॲनिमेशनपट (१९८३). दिग्दर्शक बर्नी मॅटिन्सन. चार्ल्स डिकन्सच्या ‘अ ख्रिसमस कॅरोल’ (१८४३) या कथेतील भूमिका येथे डिझ्नीची जुनी पात्रे वठवतात. कवडीचुंबक एबेनेझर स्क्रूज झाला आहे स्क्रूज मॅकडक. चित्रकथाकार कार्ल बार्क्सने १९४७ मध्ये या बदकाचे नाव डिकन्सकडूनच घेतले होते, म्हणजे नाव माहेरी परतले म्हणायचे. मिकी हा त्याचा कारकून बॉब क्रॅचिट. गोठलेली शाई वितळवायला कोळशाचा एक तुकडा घेऊ पाहतो, तोही मालकाला खपत नाही. स्क्रूजचा मृत भागीदार मार्ले याचे साखळदंड ओढत येणारे भूत म्हणजे गूफी. त्याला पाहून भीतीपेक्षा हसूच येते. डोनाल्ड डक या बदकाचा आवाज क्लॅरेन्स नॅशने चित्रपटात शेवटचा दिला तो यातच. ऑस्करसाठी नामांकन.